वेरूळची लेणी छोट्या गटाने एका दिवसात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

वेरूळला ३४ क्रमांकित लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. पहिल्यांदा येणारा बहुतेकदा सगळी बघायची ठरवून येतो आणि दुपारी दोनपर्यंत त्याला सगळे खांब सारखेच दिसायला लागतात. एका दिवसात आठ लेणी नीट बघून होतात, फार तर दहा. खाली दिलेला क्रम आठ लेण्यांचा आहे. तो आखताना ऊन कुठून येतं हे आधी बघितलं आहे, क्रमांक नंतर.

दिवस ठरवताना

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. याची उलटापालट करून मंगळवारी वेरूळच्या फाटकावर उभी राहिलेली कुटुंबं नेहमी दिसतात. दोन्ही ठिकाणं जोडून करायची असतील तर बुधवार ते शनिवार यांतले दोन दिवस धरा. एकाच दिवसात दोन्ही करायचा विचार सोडून द्या. संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे, तर अजिंठा १०० च्या आसपास आणि तेही दुसऱ्या दिशेला.

रविवारी गर्दी असते. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बसगाड्या रांगेने लागतात. श्रावणात सोमवारी घृष्णेश्वराला आणि शनिवारी खुलदाबादच्या भद्रा मारुतीला माणसांची रीघ असते. रस्ता तोच असल्याने लेण्यांकडे जाणारेही त्यात अडकतात. सगळ्यात सोयीचा म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला बुधवार किंवा गुरुवार. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि २९ क्रमांकाच्या लेण्याजवळचा धबधबा सुरू होतो, पण काळा कातळ ओला झाला की निसरडा होतो, हे धरून चला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि कातळ तापतो. तेव्हा यायचंच असेल तर सकाळी अकराला सहल संपवा.

गट, गाडी आणि गाइड

गट सहा ते दहा जणांचा हवा. त्यामागे कारण आहे. लेण्यात आवाज घुमतो. पंधरा-वीस जण झाले की मागच्यांना गाइडचं ऐकू येत नाही, मग ते आपसात बोलतात, त्याचाही आवाज घुमतो आणि शेवटी कोणालाच काही कळत नाही. शिवाय गाभाऱ्याच्या दारात किंवा एखाद्या शिल्पपटासमोर एकावेळी सात-आठ माणसंच नीट उभी राहू शकतात.

पाच-सहा जणांना इनोव्हासारखी गाडी पुरते, त्यावर असतील तर टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. एसटीही आहे. मध्यवर्ती बसस्थानकातून कन्नड-धुळ्याकडे जाणाऱ्या बस वेरूळला थांबतात. मात्र जैन लेणी मुख्य फाटकापासून दूर असल्याने, म्हातारी माणसं बरोबर असतील तर स्वतःची गाडी बरी.

कंपनीकडून सहल घेत असाल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. प्रवेशाचं तिकीट धरलं आहे का? गाइडची फी धरली आहे का, की गाडीचा चालकच माहिती सांगणार आहे? पार्किंग आणि जेवण कोणाकडे? वाटेत दुकानांचे थांबे किती? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. हिमरू कापडाच्या आणि पैठणीच्या दुकानात ‘फक्त दहा मिनिटं’ म्हणून गाडी थांबते आणि तास जातो. खरेदी करायची असेल तर ती परतताना, शहरात.

‘वेरूळ, दौलताबाद, खुलदाबाद, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, पाणचक्की, सर्व एका दिवसात’ अशी जाहिरात दिसली तर पुढे जा. दौलताबादचा देवगिरी किल्ला चढून उतरायलाच अर्धा दिवस हवा. अशा सहलीत वेरूळच्या वाट्याला दीड तास येतो. त्यात कैलास बाहेरून बघून होतं आणि बाकी काहीच नाही.

गाइड परवानाधारक घ्या. पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असतं, ते बघायला मागण्यात संकोच कसला? फी माणसी नसून गटावर असते, त्यामुळे आठ जणांत ती फारशी जाणवत नाही. ठरवतानाच सांगा: ‘आम्हाला आठच लेणी बघायची आहेत, पण सावकाश. दिवसभर बरोबर राहायचं.’ बरेच गाइड दोन तासांच्या फेरीच्या सवयीचे असतात. हे आधी बोललं नाही, तर अकरा वाजता ते हात जोडून निरोप घेतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. मराठीत सांगणारा हवा असेल तर तेही आदल्या दिवशीच ठरवा.

बरोबर काय घ्यायचं

माणसी दोन लिटर पाणी, टोपी, आणि चटकन काढता-घालता येतील असे पण तळ चांगले असलेले बूट किंवा सँडल. कैलासाच्या गाभाऱ्यात जाताना पादत्राणं काढावी लागतात, लेस बांधत बसलात की गट पुढे जातो. गुळगुळीत रबरी चपला मात्र नकोत.

एक लहान टॉर्च घ्याच. ती वापरायची पद्धतही समजून घ्या, कारण बहुतेक जण ती चुकीची धरतात. उजेड शिल्पावर समोरून टाकला तर सगळं सपाट दिसतं. टॉर्च भिंतीलगत, बाजूने आणि थोडी खालून धरा. मग बोटांच्या पेरांची, दागिन्यांच्या मण्यांची, पापण्यांची सावली पडते आणि अंधारात निव्वळ काळपट वाटणारा दगड उठून येतो. जिथे रंग शिल्लक आहेत तिथे मात्र टॉर्च किंवा फ्लॅश वापरू नका. ट्रायपॉडला आणि ड्रोनला आधी परवानगी लागते.

खायला धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी असं कोरडं घ्या, पण ते गाडीतच ठेवा. फाटकाच्या आत वानरं आहेत. त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखू येतो. पिशवी हातात दिसली की ती ओढतात, मूल घाबरून पळालं तर मागे लागतात. सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा आणि त्यांना काही खायला घालू नका.

आग्या मोहोळांचंही तसंच. कड्यांवर आणि लेण्यांच्या कपाळपट्टीला ती लटकलेली असतात. अंगावर भडक अत्तर नको, विडी-सिगरेटचा धूर नको, आरडाओरडा नको, आणि मुलांनी दगड मारायचा तर प्रश्नच नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून तिथून लांब निघा.

सकाळ: आधी कैलास

शहरातून साडेसहाला निघा. दौलताबादजवळ रस्ता जुन्या दरवाजातून जातो, तिथे दिवस वर आला की गाड्यांची कोंडी होते. पुढे खुलदाबादचा घाट. सव्वासात-साडेसातला वेरूळला पोचलात की ठीक. लेणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असतात. तिकीट ऑनलाइन काढलं असेल तर क्यूआरचा स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवा, फाटकाशी मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. स्वच्छतागृह फाटकाजवळ आहे. आत शिरण्याआधी सगळ्यांनी जाऊन या, नंतर लांबून परत यावं लागतं.

फाटकातून आत गेलं की समोरच १६ क्रमांकाचं लेणं, कैलास. उजवीकडे म्हणजे दक्षिणेला १ ते १५, डावीकडे १७ पासून पुढची. सगळी लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. दिवसाचा क्रम इथेच ठरतो. सकाळी डोंगराची सावली लेण्यांवर असते, म्हणून कैलासाचं उघडं प्रांगण गार असतं, तिथला उजेड सगळीकडे सारखा असतो आणि दहानंतर येणारी गर्दी अजून आलेली नसते. जी लेणी आत खोल आणि अंधारी आहेत, त्यांच्यात दुपार कलल्यावर ऊन शिरतं. ती संध्याकाळसाठी राखून ठेवा.

कैलासाला दोन तास द्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हे काम झालं. आधी डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ सुटा केला आणि मग कळसाकडून पायाकडे उतरत मंदिर कोरलं. प्रांगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, मागची कड ३० मीटरहून उंच. वरून खाली येण्यात मोठी सोय होती, परांची बांधायला नको. धोकाही तेवढाच होता: वर तोडलेला दगड परत जोडता येत नाही, म्हणजे तळाच्या हत्तींची जागा कळस कोरतानाच ठरलेली असली पाहिजे. बडोद्याला मिळालेल्या इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या मंदिराचं वर्णन आहे. ते पूर्ण झाल्यावर करणारा शिल्पीच ‘हे माझ्या हातून झालं तरी कसं’ म्हणून थक्क झाला, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडची लोककथा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराची. राणीने कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण केला, म्हणून त्याने कळसापासूनच सुरुवात केली. गाइड ही कथा सांगेलच. ऐका, पण कथा कुठे संपते आणि ताम्रपट कुठे सुरू होतो हे विचारून घ्या.

आत शिरताच समोर गजलक्ष्मी आहे. तिच्या दोन्ही बाजूंनी वाट फुटते. प्रांगणात दोन अखंड दगडी हत्ती आणि दोन उंच स्तंभ आहेत. लगेच जिना चढून वर जाऊ नका. आधी खालूनच मंदिराला एक पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि जोत्यावरचे हत्ती बघा. सगळं मंदिर त्यांनी पाठीवर पेललं आहे असं वाटावं, अशा बेताने ते कोरले आहेत. काहींच्या सोंडा तुटल्या आहेत, तरी पायांतला जोर दिसतो. जिन्याच्या एका बाजूला रामायणाचे आणि दुसऱ्या बाजूला महाभारताचे प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी कोरले आहेत. मुलांना इथे सोडा आणि कोणता प्रसंग कुठे आहे ते शोधू द्या.

दक्षिणेकडच्या बाजूला, जोत्याच्या खोबणीत, रावण कैलास हलवतो आहे. या एका शिल्पासमोर दहा मिनिटं उभे राहा. रावण भिंतीपासून इतका सुटा कोरला आहे की त्याच्या खांद्यांमागे खरा अंधार साठतो. बरेचसे हात जमिनीला आणि डोंगराला रेटा देत आहेत. वर पार्वती घाबरून शंकराकडे कलली आहे, तिची दासी पळत सुटली आहे. शंकर मात्र निवांत बसला आहे आणि पायाच्या नुसत्या दाबाने डोंगर स्थिर करतो आहे. आधी खालचा रेटा बघा, मग नजर वर न्या. उलट क्रमाने बघितलं तर यातलं नाट्य कळत नाही.

मग जिन्याने वर, नंदीमंडप, सभामंडप, गाभारा. छतावर कुठे कुठे जुन्या रंगाचे थर राहिले आहेत, ते बिनटॉर्चने बघा. उतरल्यावर उत्तरेला गंगा-यमुना-सरस्वतीचं दालन आणि वर लंकेश्वर लेणं आहे. लंकेश्वराचा जिना अंधारा आणि पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबावं. बाजूच्या डोंगरावरून मंदिराचं छत आणि त्यावरचं कमळ व सिंह दिसतात. ती वाट खुली असेल तरच जा आणि कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी एक पाऊलही टाकू नका. तिथून खाली सरळ तुटलेला कडा आहे.

साडेनऊच्या सुमाराला दक्षिणेला वळा. लेणं १५, दशावतार. प्रांगणातल्या मंडपावर दंतिदुर्गाचा, म्हणजे पहिल्या कृष्णाच्या आधीच्या राष्ट्रकूट राजाचा, शिलालेख आहे. वरच्या मजल्यावर एका भिंतीला शिवाचे आणि समोरच्या भिंतीला विष्णूचे पट आहेत. हिरण्यकशिपूवर झडप घालणारा नरसिंह चुकवू नका. दोघांच्या अंगाचा तोल बघा, घाव अजून बसलेला नाही पण बसणार हे कळतं.

पुढे १२, तीन ताल. तीन मजली बौद्ध विहार, बाहेरून अगदी साधा. दमलेले लोक खालूनच परत फिरतात आणि नेमकं तिसऱ्या मजल्यावरचं सोडतात. तिथे गाभाऱ्याच्या दोन्ही अंगांना सात-सात बुद्ध ओळीने बसले आहेत. पायऱ्या उंच आहेत, एका वेळी एकानेच चढावं आणि उतरताना भिंतीचा आधार घ्यावा. वर गेल्यावर दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा.

अकराच्या सुमारास परत उत्तरेला, लेणं २१, रामेश्वर. बाहेर डावीकडे मकरावर उभी गंगा आहे. तिच्या कमरेतला बाक आणि खांद्यावरून आलेला हात बघण्यासाठी टॉर्चही लागत नाही. आत शंकर-पार्वतीचं लग्न आणि दोघांचा सारीपाट आहे. सप्तमातृकाही आहेत.

दुपार

साडेबाराला बाहेर पडा. फाटकासमोर जेवणाची हॉटेलं आहेत. पिठलं-भाकरी, ठेचा मिळाला तर तेच घ्या. जडशीळ थाळी जेवलात की पुढचे दोन तास गट जांभया देतो. घृष्णेश्वर इथून साधारण किलोमीटरभर. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावं लागतं. रांग अर्ध्या तासाहून मोठी असेल तर बाहेरूनच नमस्कार करा, नाहीतर जैन लेणी हातची जातात. गावातच मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. वेरूळ हे शिवरायांच्या आजोबांचं गाव, हे इथे येणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसतं.

दोनच्या सुमाराला जैन लेण्यांकडे गाडीने जा. आतून बसही असते, पण तिच्या भरवशावर वेळ आखू नका. लेणं ३२, इंद्रसभा, याला तासभर द्या. प्रांगणात अखंड दगडातलं छोटं मंदिर, हत्ती आणि स्तंभ आहेत. खरं काम वरच्या मजल्यावर आहे. कैलासात जोर आहे, इथे नक्षी आहे: खांबावरची पानं नखाएवढी आणि तरीही कडा धारदार. आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली अंबिका बघा, आंबे मोजता येतात. इथल्या मूर्ती ओळखायची खूण सोपी आहे. डोक्यावर नागाचा फणा असेल तर पार्श्वनाथ. हातापायांना वेली वेढलेल्या असतील तर तो बाहुबली, तपात इतका काळ उभा राहिला की अंगावर वेली चढल्या. नवशिक्यांचा गोंधळ होतो तो बसलेला तीर्थंकर आणि बसलेला बुद्ध यांत. बुद्धाच्या अंगावर वस्त्राची कड दिसते, तीर्थंकर इथे विवस्त्र आहे.

तिथून २९, धुमार लेणं. पावसाळ्यात वाट बंद असू शकते, रखवालदाराला विचारूनच जा. शेजारच्या ओढ्याच्या डोहाला सीतेची न्हाणी म्हणतात. लेण्याला तीन बाजूंनी दारं आहेत, पायऱ्यांशी सिंह बसले आहेत, आणि मुंबईजवळची घारापुरी बघितलेल्यांना रचना लगेच ओळखू येईल. तीन बाजूंनी उजेड येत असल्याने इथली मोठी शिल्पं दुपारी उत्तम दिसतात. वटवाघळांचा वास येतो, तेवढा सोसा.

शेवटी दहा नंबर

सव्वाचार-साडेचारला लेणं १०, विश्वकर्मा. याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. वेरूळमधलं हे एकच चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं बौद्ध प्रार्थनागृह. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी कमानी आहेत. या जागी लाकडाची कधीच गरज नव्हती, पण ज्या कारागिरांच्या आधीच्या पिढ्यांनी चैत्य लाकडात बांधले, त्यांनी दगडातही वासे सोडले नाहीत. स्तूपासमोर पाय खाली सोडून बसलेला मोठा बुद्ध आहे. पश्चिमेचं ऊन वरच्या गवाक्षातून आत येऊ लागलं की टॉर्च बंद करा, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. आवाज चाचपण्यासाठी कोणी ओरडत असेल तर त्याला थांबवा. हलक्या आवाजात एखादा स्वर लावला तरी तो छतातून फिरून परत येतो.

वेळ उरला तर उजवीकडे पुढे लेणं ५, महानवाडा. लांबलचक दालनात जमिनीलगत दोन दगडी ओटे समांतर गेले आहेत. ते बघायला दहा मिनिटं पुरतात.

सूर्यास्ताआधी रखवालदार शिट्ट्या वाजवत माणसं बाहेर काढतात. दहा नंबरपासून फाटकापर्यंत म्हाताऱ्या माणसांना पंधरा मिनिटं लागतात, ती हिशेबात धरा. गाइडचे पैसे गाडीपाशी सगळ्यांसमोर द्या. बाहेर पडताना माणसं मोजा, खास करून मुलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला परतीच्या रस्त्यावर दौलताबादच्या आसपास सीताफळवाले बसलेले असतात. डोळे उघडलेलं आणि बोटाने किंचित दबणारं फळ त्याच दिवशी खायचं, बाकीची घरी नेऊन पिकवा.